कड्याच्या शेपटीचं पाण्याचं रॉकेट: बाटली निवडण्यापासून उडवण्यापर्यंत

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांतून पाण्याच्या रॉकेटची तयार किट फिरू लागतात. बाटलीत थोडं पाणी भरायचं, तोंड खाली करून ती लाँचरवर बसवायची आणि पंपाने हवेचा दाब द्यायचा. सोडली की पाणी खालून जोरात बाहेर पडतं आणि बाटली वर जाते, म्हणजे तोंडाकडे शेपटी आणि बुडाकडे नाक. किटमध्ये लाँचर, नळी आणि तीन सरळ पंख असतात. ते पंख लावले की रॉकेट बहुतेक वेळा नीट उडतं. गडबड सुरू होते ती पंख काढून मागे गोल कडं बसवायचं ठरल्यावर. कडं दिसतं झकास, पण दहातली निम्मी रॉकेटं सुटल्या सुटल्या कोलांटी खातात, नाहीतर कडं लाँचरपाशीच राहतं आणि बाटली एकटीच वर जाते. दोन्ही गोष्टींचं कारण सहसा एकच असतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. नाक आधी चिकटवलं जातं, वजन अंदाजाने भरलं जातं, आणि तोल थेट मैदानात, दाब भरल्यावर कळतो.

खालची मापं सव्वा लिटरच्या बाटलीची आहेत. तिचा व्यास ९ सेंमीच्या आसपास असतो, पण तुमची बाटली स्वतः मोजा आणि बाकीची मापं त्या प्रमाणात बदला.

१. सामान, आणि त्यातलं काय घ्यायचं नाही

एकाच जातीच्या तीन बाटल्या लागतात. एक दाबाची, एक कापून पट्टा करायला, एक कापून नाक करायला. तिन्ही सोडा किंवा कोल्ड्रिंकच्याच हव्यात. पिण्याच्या पाण्याची बाटली चालत नाही, तिचं प्लास्टिक पातळ असतं आणि ती दाबासाठी बनवलेलीच नसते. ओळखायला सोपं आहे: कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुडाला पाच फुगीर पाय असतात.

कड्यासाठी फुलस्केप फाइलचं प्लास्टिकचं कव्हर घ्या. कडं आणि बाटली जोडणाऱ्या आऱ्यांसाठी सनपॅक शीट (आतून पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट) लागते. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे किंवा फ्लेक्सच्या दुकानात तिचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतात. शिवाय दुहेरी चिकटपट्टी, धाग्याची चिकटपट्टी (पार्सलवाले वापरतात ती, आत उभे धागे असलेली), प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची, न वाळणारी माती), एक जुना टेनिस बॉल, मार्कर, आणि दाब दाखवणारा काटा असलेला सायकलचा फूटपंप. काटा नसेल तर पंप उपयोगाचा नाही.

शाडू वापरू नका. गणपतीनंतर घरात उरलेली असते म्हणून पुष्कळजण नाकात भरतात. ती वाळते, तडकते, आणि दुसऱ्या उड्डाणात तिचा तुकडा सुटून आत खुळखुळतो. गोटी, नट-बोल्ट, छर्रे यांचं तर नावच नको. नाकातलं वजन वरून खाली येणार आहे, आणि खाली माणसं असणार आहेत.

दोन प्रकारचे गोंद बाद करा. ग्लू गनचा गरम गोंद बाटलीचं प्लास्टिक आकसवतो, आणि आकसलेली जागा दाबाखाली आधी फुटते. झटपट चिकटणारा गोंद सुकल्यावर ठिसूळ होतो. दाब भरला की बाटली किंचित फुगते, आणि तो सांधा कटकन सुटतो. गोंद नीट धरावा म्हणून बाटलीला पॉलिश पेपर घासणाऱ्यांनी तर हात आवरावा. ओरखडा म्हणजे फुटण्याची जागा आपण होऊन आखून देणं.

किटचा लाँचर एकदा हातात घेऊन बघा: हवा सोडायची सोय पंपाच्या बाजूला आहे का? नसेल तर पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढून घ्या आणि नळीच्या पंपाकडच्या टोकाला पक्का बसवा. मधली पिन दाबली की हवा जाते. हा व्हॉल्व्ह लाँचरपाशी असेल तर तो असून नसल्यासारखा, कारण अडचण आल्यावर तिथेच जायचं नसतं.

२. बाटलीची परीक्षा

हे काम पहिलं. यात नापास झालेल्या बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडाही वाया घालवू नका.

बाटली काठोकाठ पाण्याने भरा, लाँचरवर उलटी बसवा आणि दूर उभं राहून ६० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) दाब द्या. दोन मिनिटं तसाच ठेवा, मग व्हॉल्व्हमधून हवा सोडा. उडवताना आपण ५० च्या पुढे जाणार नाही, म्हणून परीक्षा त्यापेक्षा वरची. पाणी काठोकाठच हवं, कारण पाणी दबत नाही. अशी बाटली फुटली तरी पाणी सांडतं आणि विषय संपतो. हवेने भरलेली बाटली फुटली तर बंदुकीसारखा आवाज होतो आणि तुकडे उडतात.

> तपासा: बाटली उजेडात धरून फिरवा. पांढरी रेघ, घडी किंवा तोंडापाशी चीर दिसली तर ती बाटली बाद.

३. पट्टा आणि चार रेघा

आरे थेट दाबाच्या बाटलीला चिकटवायचे नाहीत. दुसऱ्या बाटलीचा मधला सरळ भाग, १२ सेंमी लांबीचा, कापून घ्या. त्याला एका बाजूने उभा छेद द्या आणि पट्ट्यासारखा दाबाच्या बाटलीवर गुंडाळा, तोंडाकडच्या खांद्याला अगदी लागून. गुंडाळताना दाबाच्या बाटलीला बूच घट्ट लावलेलं असू द्या, म्हणजे ती हाताखाली चेपत नाही. दोन टोकांत थोडी फट राहील, ती धाग्याच्या चिकटपट्टीने बंद करा आणि पट्ट्याभोवती वर-खाली एकेक वेढा द्या.

फायदा असा की बाटली बाद झाली तर पट्ट्यासकट सगळी शेपटी काढून नव्या बाटलीवर चढवता येते.

आता रेघा. कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळा, टोकं जुळतात तिथे खूण करा, पट्टी उलगडून दोनदा दुमडा. चार समान भाग मिळतात. ते पट्ट्यावर उतरवा. रेघ सरळ येण्यासाठी बाटली दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवा आणि चौकटीच्या कडेने मार्कर ओढा. नुसत्या नजरेने मारलेली रेघ तिरकी येतेच. मग आरे तिरके बसतात आणि रॉकेट भिरभिरत जातं.

४. कडं

खरं काम इथे आहे. यातलं काहीही घाईत उरकू नका.

कड्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे १८ सेंमी. कडं बाटलीला चिकटून असेल तर मधल्या फटीतून हवा धड वाहत नाही आणि शेपटीला पकड मिळत नाही. फार मोठं केलं तर लवतं, वजन वाढतं, आणि वारा त्याला आधी धरतो. कापण्याआधी लाँचरचा पाया मोजून घ्या, कारण रॉकेट उभं केल्यावर कडं लाँचरभोवती येणार आहे. पायाचे खुंटे किंवा रॉकेट धरून ठेवणारा खटका १८ सेंमीच्या बाहेर जात असतील तर आत्ताच कळलेलं बरं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी कड्याला खाचा पाडणारी मुलं दर वर्षी दिसतात.

फाइलच्या कव्हरमधून ८ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब अशा दोन पट्ट्या कापा. दोन्ही टोकांना दीड-दीड सेंमी एकमेकींवर चढवून जोडा की घेर ५७ सेंमी होतो आणि व्यास १८ च्या आसपास येतो. दोन सांधे समोरासमोर येऊ द्या, आणि प्रत्येक सांधा एकेका आऱ्यावर. असं केलं नाही तर कडं एका बाजूला जड होतं.

आरे चार. तीनही चालतात, पण चार असले की काटकोनात बसवणं आणि तपासणं सोपं जातं. प्रत्येक आऱ्याची आतली कड १० सेंमी, बाहेरची ८ सेंमी, मधलं अंतर साडेचार सेंमी. बाहेरची कड मागे सरकलेली हवी, इतकी की कड्याची मागची कड बाटलीच्या तोंडाच्या रेषेत येईल. दोन्ही कडांना दीड सेंमीची पाळी जास्त ठेवून कापा. सनपॅकच्या आतल्या नळ्या बाटलीकडून कड्याकडे जातील अशी शीट धरा. उलट धरली तर आरा पत्त्यासारखा वाकतो. पाळी दुमडताना वरचा पापुद्रा ब्लेडने हलकेच कापा, खालचा तसाच राहू द्या.

आधी चारही आरे पट्ट्यावरच्या रेघांवर दुहेरी चिकटपट्टीने लावा. मग कडं बाहेरून घाला, पाळ्यांवर दाबा. हे जमलं की प्रत्येक पाळीवरून धाग्याची चिकटपट्टी, धागे रॉकेटच्या लांबीच्या दिशेने. दिशा महत्त्वाची का, ते हिशेबाने बघा. बाटलीचं पूर्ण तोंड उघडं ठेवणाऱ्या लाँचरवर ४० पीएसआयला सुटताना रॉकेटला गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट वेग-वाढ मिळते. सत्तर ग्रॅमची शेपटी तेवढ्या क्षणापुरती दोन किलोची होऊन मागे ओढत असते. आडवी लावलेली साधी सेलोटेप हा झटका सोसत नाही.

> तपासा: बाटली तिच्या पाच पायांवर सपाट फरशीवर उभी करा, कडं वर. फरशीपासून कड्याच्या कडेपर्यंतची उंची चारही आऱ्यांपाशी मोजा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या बाजूचा आरा सोडवून पुन्हा लावा.

म्हणूनच नाक नंतर. नाक एकदा बसलं की बाटली फरशीवर उभी राहत नाही, आणि कडं सरळ आहे की नाही हे बघायची सोय जाते.

५. नाक आणि मान

नुसत्या बाटलीला कडं लावून भागत नाही. ती फार आखूड पडते. तिसऱ्या बाटलीचं तोंड कापून टाका, खांदा आणि खालचा दहा-बारा सेंमी भाग ठेवा. खालच्या कडेला दोन-दोन सेंमीच्या चार चिरा द्या आणि हे टोपण, म्हणजेच रॉकेटची मान, दाबाच्या बाटलीच्या बुडावर चढवा. लांबून बघा, फिरवून बघा, सरळ वाटलं की चिकटपट्टीचा एकच वेढा द्या. पक्कं करायची वेळ अजून आलेली नाही.

टोकाला टेनिस बॉलची अर्धी वाटी लावा. टोकदार नाक दिसायला छान, पण इतक्या वेगाला त्याचा फायदा नगण्य आणि डोळ्याला धोका खरा.

६. तोल

तोल रिकाम्या रॉकेटचा काढायचा, पाणी भरलेल्याचा नाही. पूर्ण तोंडाच्या लाँचरवर पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर पडतं आणि पुढचं जवळजवळ सगळं उड्डाण रिकाम्या रॉकेटचं असतं. पाणी भरून तोल बघणारे इथेच फसतात. पाणी मागे साचतं, आकडा भलताच येतो, आणि तो सुधारायला नाकात निष्कारण वजन भरलं जातं.

पुठ्ठ्यावर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती खऱ्या मापात काढा. कडं बाजूने आयतासारखं दिसतं, १८ बाय ८, तसंच काढा. आकृती कापून पट्टीच्या धारेवर तोलून धरा. जिथे ती आडवी राहते तो बिंदू म्हणजे हवेच्या दाबाचा ढोबळ मध्य. तो खऱ्या रॉकेटवर मार्करने उतरवा.

मग खऱ्या रॉकेटला दोऱ्याचा फास घालून त्याचा वजनाचा मध्य शोधा. हा बिंदू दाबाच्या मध्यापेक्षा नाकाकडे किमान एका बाटलीच्या व्यासाने, म्हणजे ९ सेंमीने, पुढे हवा. पुरेसा पुढे नसेल तर नाकात प्लॅस्टिसिन भरा. ६० ग्रॅमपासून सुरुवात करा, मग दहा-दहा ग्रॅम वाढवा. या मापाच्या रॉकेटला शंभराच्या आसपास थांबता यायला हवं. दीडशे ग्रॅम भरूनही मध्य पुढे सरकत नसेल तर नाकाला दोष देऊ नका, शेपटी जड झाली आहे. चिकटपट्टीचे थर मोजा. मुलं कौतुकाने इतकी चिकटपट्टी लावतात की तिचंच वजन आऱ्यांइतकं होतं. रंगाचंही तसंच. स्प्रे मारायचा असेल तर तोल काढण्याआधी, आणि शेपटीवर शक्यतो नकोच.

जमलं की प्लॅस्टिसिन टोकाशी दाबून बसवा, त्यावर फोमचा तुकडा कोंबा, आणि आता मानेचा सांधा पक्का करा.

७. गोफण-परीक्षा

वजनाच्या मध्याशी दोरी बांधा, ती सरकू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा. दोरी किमान अडीच मीटर हवी. आखूड दोरीवर रॉकेट लहान वर्तुळात फिरतं आणि चांगलं रॉकेटही नापास ठरतं. मोकळ्या अंगणात डोक्यावरून गोफणीसारखं फिरवा. नाक पुढे धरून फिरत राहिलं तर पास. आडवं झालं, शेपटी पुढे आली, किंवा डुलत राहिलं तर पुन्हा सहाव्या टप्प्यावर.

> थांबा: या परीक्षेत नापास झालेलं रॉकेट "एकदा उडवून तर बघू" म्हणून लाँचरवर चढवू नका. कोलांटी खाणारं रॉकेट कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ते बघणाऱ्यांकडेही येतं.

८. जागा आणि दिवस

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा नाद सोडलेला बरा. पाऊस राहू दे, घाटाकडून येणारा पश्चिमेचा वाराच पुरे आहे. सुगी आटपल्यावर, सकाळी आठच्या आत, पालापाचोळा हलत नसताना उडवा.

भात कापलं म्हणजे शिवार मोकळं झालं असं समजू नका. येळ्ळूर, शहापूर भागात भाताच्या मागोमाग मसूर, वाटाणा पेरलेला असतो. वरून जमीन उघडी दिसते आणि कोंब पायाखाली जातात. मालकाला विचारल्याशिवाय बांधावरून आत जायचं नाही. चिकोडी, निपाणीकडे ऊस जवळ नको. उसात पडलेलं रॉकेट सापडत नाही, आणि शोधणाऱ्याचे हात मात्र पात्यांनी कापतात. सांबऱ्याकडे विमानतळाच्या आसपास आणि कॅम्पात लष्कराच्या हद्दीलगत हा खेळ मांडू नका. शाळेचं मोठं मैदान, मुख्याध्यापकांना सांगून, सगळ्यात उत्तम.

विजेच्या तारा दिसल्या तर जागा बदला. सरळ पंखांचं रॉकेट एखादवेळी तारेवरून घसरून खाली येईलही, पण कडं तारेत अडकून बसतं. अडकलंच तर काठी, बांबू, दगड काही नाही. हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवायचं आणि रॉकेट गेलं असं समजायचं.

वाऱ्याबद्दलही एक चुकीची समजूत आहे. रॉकेट वाऱ्याबरोबर वाहत जाईल म्हणून लाँचर वाऱ्याच्या तोंडाकडे कलवतात. कड्याच्या शेपटीला बाजूने वारा लागला की शेपटी मागे ढकलली जाते आणि नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. वर लाँचरही तिकडेच कललेला असला तर रॉकेट जवळजवळ आडवं जातं. लाँचर सरळ उभा ठेवा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बघणाऱ्यांना उभं करू नका.

९. उड्डाण

लाँचर जमिनीत पक्का ठोका. काळ्या मातीत वरचा थर भेगाळलेला असतो, खुंटे लांब लागतात. खटक्याची दोरी किमान आठ मीटर, आणि पंपाची नळी मिळेल तेवढी लांब. पंप मारणाऱ्याला गॉगल आणि हेल्मेट. मोटारसायकलचं चालतं.

पाणी मापाने भरा: सव्वा लिटरला ३५० ते ४०० मिली. जास्त पाणी म्हणजे जास्त उंची, ही समजूत पक्की बसलेली आहे आणि चूक आहे. निम्म्याच्या वर पाणी भरलं तर ढकलायला हवा उरत नाही आणि रॉकेट जड अंगाने दोन माणूस वर जाऊन पडतं.

मग हा क्रम. रॉकेट लाँचरवर बसवा, कडं कुठे टेकत नाही हे बघा, खटका लावा, सगळे मागे. पंप एकानेच मारायचा, काटा दुसऱ्याने बघायचा. पहिलं उड्डाण ३० पीएसआयला. ते सरळ गेलं तर ४०, मग ५०. त्यापुढे नाही, कितीही आग्रह झाला तरी. दाब भरताना तोंडापाशी पाणी ठिबकलं तर थांबा, हवा सोडा, पुन्हा बसवा.

आकाशात आणि मैदानात कोणी नाही हे बघून मोठ्याने उलटी मोजणी करा. आपल्याकडे गर्दीत कानडी पोरंही असतात, तेव्हा "मागे सरा"च्या जोडीला "हिंदे सरी" आणि "मूरू, एरडू, ओंदू"ही होऊ द्या. मग दोरी सरळ रेषेत, एका झटक्यात ओढा. हळू ओढली तर लाँचर कलतो.

> थांबा: दोरी ओढूनही रॉकेट सुटलं नाही तर जवळ जाऊ नका, वाकून बघू नका, पायाने हलवू नका. पंपाकडून पिन दाबून हवा सोडा, काटा शून्यावर आल्यावरही मिनिटभर थांबा. मगच पुढे.

खाली येणारं रॉकेट झेलायला धावणाऱ्या पोरांना आधीच दम भरून ठेवा. नाकात शंभर ग्रॅम आहेत.

१०. उतरल्यावर

उड्डाणात काय दिसलं ते लगेच लिहून ठेवा, कारण दुरुस्ती त्यावरून ठरते. सरळ गेलं पण भिरभिरत गेलं तर आरे रेघेवरून तिरके झालेत. प्रत्येक वेळी एकाच बाजूला वळत असेल तर कड्याची उंची पुन्हा चार ठिकाणी मोजा. वर जाऊन मग कोलांटी खाल्ली तर नाकातलं वजन हललंय किंवा कमी आहे. सुटतानाच वाकडं झालं आणि पुढे सावरलं तर दोष लाँचरचा, रॉकेट उघडू नका.

दर उड्डाणानंतर बाटली पुन्हा उजेडात धरायची, मार्करने पट्ट्यावर एक रेघ मारायची. दहा रेघा झाल्या की बाटली चांगली दिसत असली तरी बदला. नवी बाटली दुसऱ्या टप्प्यापासून सगळ्या परीक्षा देऊनच वर चढते, आणि शेपटी जुनीच असली तरी तोल नव्याने काढायचा.

रॉकेट घरी नेताना कड्यावर उभं ठेवू नका. स्कूटरच्या पायापाशी कड्यावर टेकवून आणलेलं रॉकेट दुसऱ्या दिवशी लंबगोल शेपटीचं झालेलं असतं. नाक खाली करून बादलीत ठेवा.